काठ सोबत नेता येतो
मोकळ्या पाण्याची भीती, उतारवयातील ट्रायथलॉन आणि घरच्यांची भूमिका

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्यांची पात्रे उन्हाळ्यात आटतात आणि पुष्कळ गावांत पाणी म्हटले की पोहण्याआधी टँकरच आठवतो. पाणी येते तेव्हाही ते कधी कधी २०२५च्या सप्टेंबरमध्ये आले तसे येते. त्या पुराने परंडा आणि भूम तालुक्यांतील वस्त्यांना वेढा घातला होता. ज्या भागात पाणी एक तर दुर्मीळ असते किंवा अनावर, तेथील माणसाच्या मनात पाण्याविषयी आदर आणि धास्ती एकत्रच नांदतात.

अशा भागातल्या एखाद्या घरात पन्नाशी-साठी ओलांडलेले कोणी एके दिवशी सांगते, “मला ट्रायथलॉन करायची आहे.” सायकल ठीक आहे, धावणेही समजू शकते; पण तलावात किंवा समुद्रात पोहायचे, हे ऐकताच घर गप्प होते. बोलणाऱ्याच्या पोटातही त्याच वेळी गोळा आलेला असतो, केवळ तो सांगत नाही. हा लेख त्या दोघांसाठी आहे: पाण्यात उतरू पाहणाऱ्या ज्येष्ठासाठी आणि त्याची काळजी वाहणाऱ्या घरच्यांसाठी.

तीन खेळांतील एक निराळा

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार याच क्रमाने, मध्ये विश्रांतीचा खंड न घेता पूर्ण करायचे, याला ट्रायथलॉन म्हणतात. १९७८ साली हवाई बेटांवर ‘आयर्नमॅन’ ही पहिली दीर्घ पल्ल्याची स्पर्धा झाली. तीत १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. त्या स्पर्धेचे अंतर आजही कायम आहे: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. २०००च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. त्यातील अंतर १.५, ४० आणि १० किलोमीटर असे आहे. आपल्या जवळ, गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही अर्ध्या अंतराची स्पर्धा सुरू झाली आणि महाराष्ट्रातील हौशी खेळाडूंना समुद्रात पोहण्याचे निमित्त हाताशी आले. नवशिक्यांसाठी याहून पुष्कळ छोटे प्रकार असतात. ‘स्प्रिंट’ या प्रकारात पोहणे केवळ ७५० मीटर असते.

आपल्याकडे या खेळाची चर्चा वाढली ती मिलिंद सोमण यांच्यामुळे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ साली, त्यांनी झुरिच येथील पूर्ण आयर्नमॅन पार केली. मात्र ते मुळात राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. पाणी त्यांचे माहेरच. सामान्य नवशिक्याचे गणित उलटे असते. त्याला धावताना दम लागला तर तो थांबतो, सायकलवर पाय दुखले तर उतरतो. पाण्यात मात्र थांबायचे कोठे, हा प्रश्न त्याला पहिल्या दिवसापासून छळतो. त्याच्या भीतीचे मूळ या एका प्रश्नात आहे आणि तिचा उपायही त्याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

भीती कोठून येते

तरणतलावात चाळीस फेऱ्या सहज मारणारा माणूस तलावात किंवा समुद्रात शंभर मीटरवर घाबरा होतो, तेव्हा त्याची ताकद कमी पडलेली नसते. तरणतलावात तळाशी रेघ दिसते, २५ मीटरवर भिंत येते, हात लावता येतो, उभे राहता येते. मोकळ्या पाण्यात हे सारे आधार एकदम नाहीसे होतात. पाणी गढूळ असते, स्वतःचा हातही दिसत नाही. पायाला शेवाळ लागते. दिशा कळत नाही. स्पर्धेत तर आजूबाजूच्यांचे हातपाय अंगावर येतात.

मन घाबरले की पहिला परिणाम श्वासावर होतो. माणूस भरभर श्वास घेतो, पण सोडत नाही. पुष्कळ नवशिके तोंड पाण्यात असताना श्वास रोखूनच धरतात. श्वास घेण्याची तीव्र निकड प्रामुख्याने रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे निर्माण होते. श्वास सोडला नाही की तो वायू साठतो, छाती आवळल्यासारखी होते आणि ‘हवा पुरत नाही’ असे वाटते. मग माणूस मान वर काढतो. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर उभे होते, हातपाय झाडावे लागतात आणि दम आणखी लागतो. भीतीचे हे चक्र असे अवघ्या अर्ध्या मिनिटात पूर्ण होते.

थंड पाण्यात याला आणखी एक कारण जोडले जाते. अंगावर एकदम गार पाणी आले की आपण नकळत ‘हाः’ करून श्वास आत ओढतो, नाडी आणि रक्तदाब वाढतात. हा धसका पहिल्या दोन-तीन मिनिटांत ओसरतो. ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठात प्राध्यापक माइक टिप्टन यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. काही मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनंतर शरीराचा हा धसका जवळजवळ निम्म्यावर येतो, असे अशा अभ्यासांतून दिसले आहे. आपल्याकडील पाणी युरोपाइतके गार नसते. तरी हिवाळ्यातल्या पहाटे धरणाच्या पाण्यात उतरणाऱ्याला याची सौम्य चव मिळतेच. यातून बोध एवढाच, की शरीराला सवय लावता येते आणि ती थोड्या थोड्या भेटींनी लागते.

विहिरीची शाळा

‘पाण्यात पडले की पोहता येते’ असे आपण सहज म्हणतो; परंतु आपल्या गावांनी पोहणे खरोखर असे शिकवले नाही. विहिरीवर शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा तोंड घट्ट बंद केलेला पत्र्याचा डबा बांधत. पुढे त्यांची जागा टायरच्या ट्यूबने घेतली. कमरेला कासरा बांधून त्याचे टोक वर काठावर उभ्या असलेल्या वडीलधाऱ्याच्या हाती असे. एक जाणता आधीच पाण्यात असे. पोरगे पायरी धरून पाय मारी, मग या कपारीपासून त्या कपारीपर्यंत जाई. काही दिवसांनी डबा सुटे, मग कासरा सुटे आणि उन्हाळा संपता संपता ते वरून मुटका मारू लागे.

या पद्धतीत चार गोष्टी होत्या: अंगाला तरंगता आधार, पाण्यात सोबत, काठावर लक्ष ठेवणारा माणूस आणि हळूहळू वाढणारे अंतर. आज ट्रायथलॉनचे प्रशिक्षक मोकळ्या पाण्यासाठी जे सांगतात ते याहून फारसे निराळे नाही. डब्याच्या जागी कमरेला बांधायची भडक रंगाची तरंगती पिशवी आली, एवढेच.

विहिरीत पोहलेल्या आजोबांनी खोल, काळेशार, तळ न दिसणारे पाणी पाहिलेले असते. त्या अर्थाने शहरी तरणतलावात शिकलेल्या नातवापेक्षा ते मोकळ्या पाण्याला अधिक जवळचे असतात. तरीही धरणाच्या किंवा समुद्राच्या पाण्यात तेही बावरतात, कारण विहिरीला चहूबाजूंनी काठ असतो. जुन्या पिढीतील पुष्कळ स्त्रियांना तर विहिरीतही पोहण्याची मुभा मिळाली नाही. पाणी शेंदणे त्यांच्या वाट्याला आले, पोहणे नाही. त्यामुळे साठीतल्या आजींनी पहिल्यांदा पाण्यात उतरताना घाबरणे हा त्यांच्या स्वभावाचा दोष मानू नये. ती संधी त्यांना उशिरा मिळते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा मोकळ्या पाण्यात धीर देणारी गोष्ट म्हणजे काठ. तो बाहेर दिसत नसेल, तर सोबत न्यावा लागतो. तो सोबत कसा न्यायचा, हेच मोकळ्या पाण्याचे शिक्षण.

साठीनंतर पोहायला लागलेले इनादा

जपानचे हिरोमू इनादा हे वार्ताहर होते. आजारी पत्नीची शुश्रूषा करण्यासाठी साठाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. दिवसभर घरात असताना स्वतःची प्रकृती टिकावी म्हणून त्यांनी जवळच्या व्यायामशाळेत पोहणे सुरू केले. पहिली ट्रायथलॉन त्यांनी सत्तराव्या वर्षी केली. २०१५ साली हवाईतील जागतिक आयर्नमॅन स्पर्धेत ठरलेल्या वेळेची मर्यादा त्यांना अवघ्या पाच सेकंदांनी हुकली. ते पुन्हा उतरले. २०१८ साली, वयाची ८५ वर्षे पूर्ण झालेली असताना, त्यांनी तीच स्पर्धा १७ तासांच्या मर्यादेत पूर्ण केली आणि ती पूर्ण करणारे सर्वांत वयस्कर पुरुष म्हणून त्यांची नोंद झाली.

या उदाहरणातील विक्रम बाजूला ठेवू. तो सर्वांनी करण्याचा नाही. लक्षात घेण्यासारखे आहे ते अंतर: पहिल्यांदा पोहण्यापासून पहिल्या ट्रायथलॉनपर्यंत सुमारे दहा वर्षे. दुसरे असे, की त्यांच्या पोहण्याची सुरुवात शुश्रूषा करणाऱ्या माणसाने स्वतःसाठी काढलेल्या थोड्या वेळातून झाली. घरातील रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी स्वतःच्या शरीराकडे पाहणे म्हणजे कर्तव्यात कसूर, असा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. तो समज या एका उदाहरणाने जरी थोडा हलला, तरी पुष्कळ झाले.

पाच पायऱ्या

पुढील पायऱ्या कोणत्याही घाईविना चढायच्या आहेत. आधीची पायरी कंटाळवाणी वाटू लागली, की पुढची चढावी. त्याला एक महिना लागेल किंवा एक वर्ष.

पहिली पायरी श्वासाची. छातीइतक्या पाण्यात उभे राहून तोंड पाण्यात घालावे आणि नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडावेत. मान वर केली की श्वास आपोआप आत येतो. तो ओढावा लागत नाही. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांब ठेवावा. लांबवलेल्या उच्छ्वासाने नाडी मंदावते, हे प्राणायाम करणाऱ्या वाचकांना सांगायला नको. गॉगल घालावा, म्हणजे डोळे मिटून घेण्याची सवय सुटते.

दुसरी पायरी उताणे तरंगण्याची. ही साऱ्यांत महत्त्वाची. डोके मागे टेकवावे, कान पाण्यात जाऊ द्यावेत, हात पसरून हळुवार हलवावेत आणि नेहमीसारखा श्वास घ्यावा. पाय थोडे खाली गेले तरी हरकत नाही. ब्रिटनमधील समुद्री जीवरक्षकांची संस्था आरएनएलआय पाण्यात अडचणीत सापडलेल्या प्रत्येकाला हेच सांगते: आधी तरंगा, मग काय करायचे ते ठरवा. पोहता पोहता उताणे होणे आणि पुन्हा पालथे होऊन पोहू लागणे हे न घाबरता जमले, की ‘पाण्यात थांबायचे कोठे’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पाठ हाच पहिला काठ. समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के अधिक घन असते, म्हणून तेथे तरंगणे उलट सोपे जाते.

तिसरी पायरी तरणतलावातच, पण भिंत न धरण्याची. मधल्या भागात गोल फिरत पोहावे, भिंतीला हात लावू नये, तळावर उभे राहू नये. दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याच्या किंचित वर आणून समोरची एखादी खूण पाहावी: झाड, खांब, खुर्ची. मोकळ्या पाण्यात दिशा अशीच राखायची असते. मान पूर्ण वर काढण्याची गरज नसते. मगरीसारखे केवळ डोळे वर आले तरी पुरे.

चौथी पायरी मोकळ्या पाण्याची. पोहण्यास परवानगी असलेली, जाणत्या लोकांच्या पायाखालची जागा निवडावी. जाणता सोबती आणि तरंगती पिशवी घ्यावी. पहिल्या दिवशी पोहूच नये. कमरेइतक्या पाण्यात पाच-दहा मिनिटे उभे राहावे, चेहरा भिजवावा, तळ पायाने चाचपावा, बुडबुडे सोडावेत आणि घरी यावे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस काठाला समांतर, उभे राहता येईल इतक्याच खोलीत पोहावे. काठापासून दूर जाणे हे सर्वांत शेवटी. सुरुवातीचे दोनशे मीटर नेहमीच सर्वांत कठीण जातात. ते मुद्दाम मंद ठेवावेत.

पाचवी पायरी गर्दीची. तीन-चार सोबत्यांनी तरणतलावाच्या एकाच पट्ट्यात एकत्र पोहावे, म्हणजे कोणाचा हात खांद्याला लागला तरी दचकायला होत नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणाऱ्या राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धेत मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत निरनिराळे वयोगट असतात. उतरायचे नसले तरी असा सोहळा एकदा काठावरून पाहून यावा. समुद्रात आपल्या वयाची माणसे शांतपणे पोहताना पाहणे हाही एक सराव आहे.

नियम आपल्या बाजूचे आहेत

पुष्कळ नवशिक्यांना स्पर्धेचे नियम ठाऊक नसतात, म्हणून ते अकारण धास्तावतात. ट्रायथलॉनमध्ये कोणत्याही पद्धतीने पोहता येते. फ्रीस्टाइलच हवी असे नाही. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, मध्येच उताणे तरंगलेले चालते. दमल्यास मार्गावरील तरंगती खूण किंवा जीवरक्षकाची होडी धरून विसावा घेता येतो. तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही, एवढीच अट. हात वर केला की मदत येते. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत आता सर्वांना एकदम न सोडता थोडे थोडे स्पर्धक पाण्यात सोडतात. नवशिक्याने कडेला आणि मागे उभे राहावे, पुढच्यांना जाऊ द्यावे. ‘आयर्नमॅन ७०.३’मधील १.९ किलोमीटर पोहण्यासाठी सर्वसाधारणपणे एक तास दहा मिनिटे मिळतात. सरावात हे अंतर याहून निवांत वेळात होत असेल, तर ती स्पर्धा पुढच्या वर्षीवर ढकलावी. समुद्र तेथेच असतो.

भीती कोणती आणि इशारा कोणता

आता या लेखातील सर्वांत गंभीर भाग. भीतीशी जुळवून घ्यावे; शरीराच्या इशाऱ्याशी मात्र जुळवून घेऊ नये. दोन्हींत छाती धडधडते, दोन्हींत दम लागतो. म्हणूनच त्यांतील फरक आधी समजून घ्यायला हवा.

अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांत १९८५ ते २०१६ या काळात झालेल्या मृत्यूंचा आणि हृदय अचानक बंद पडण्याच्या घटनांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. त्यांतील ८५ टक्के पुरुष होते आणि सरासरी वय सुमारे ४७ होते. दर लाख सहभागींमागे प्रमाण १.७४, म्हणजे थोडे. परंतु साठीच्या पुढील पुरुषांत तेच १८.६ इतके होते. ज्यांचे शवविच्छेदन झाले त्यांतील बऱ्याच जणांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा दोष असल्याचे आढळले. पाण्यात असे का होते, याचे एक स्पष्टीकरण असे: धसका आणि श्रम हृदयाला वेग वाढवायला सांगतात, तर चेहऱ्यावरील गार पाणी आणि रोखलेला श्वास त्याच वेळी वेग कमी करायला सांगतात. निरोगी हृदय ही ओढाताण सोसते. दोष असलेल्या हृदयाची लय बिघडू शकते.

म्हणून पन्नाशीनंतर पहिल्या डुबकीआधी डॉक्टरांची भेट घ्यावी. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास टू-डी इको व ट्रेडमिल चाचणी करून घ्यावी. घरात कोणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल किंवा स्वतःला कधी व्यायाम करताना भोवळ आली असेल, तर ते आवर्जून सांगावे. चालू औषधांची यादी दाखवावी. काही औषधांनी नाडी वाढत नाही, त्यामुळे श्रमाचा अंदाज नाडीवरून लागत नाही. मधुमेहाच्या काही औषधांनी आणि इन्सुलिनने पोहताना साखर उतरू शकते. तिची थरथर आणि गोंधळ अगदी भीतीसारखे भासतात. अपस्मार म्हणजे फिट्सचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीविना आणि एकट्याने पाण्यात उतरू नये. नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असेल, तर संबंधित तज्ज्ञांचे मत घ्यावे.

भीतीची खूण अशी, की उताणे तरंगून, श्वास लांब सोडून दोन-तीन मिनिटे थांबले की ती ओसरते. पुढील लक्षणे मात्र इशारा समजावीत: छातीत दाब किंवा वेदना, ती हातात किंवा जबड्यात उतरणे, नाडी वेडीवाकडी पडणे, डोळ्यांपुढे अंधारी, विश्रांतीनंतरही न थांबणारी धाप, खोकला, छातीत घरघर आणि फेसाळ किंवा गुलाबी थुंकी. शेवटची लक्षणे पोहताना फुफ्फुसांत द्रव साठण्याची असू शकतात. पाणी नाकातोंडात न जाताही हा प्रकार घडतो. वाढते वय, उच्च रक्तदाब, गार पाणी आणि घट्ट वेटसूट यांनी त्याचा संभव वाढतो. अशा वेळी हात वर करून ताबडतोब बाहेर यावे, आडवे न होता टेकून बसावे आणि रुग्णालय गाठावे. बरे वाटले म्हणून पुन्हा पाण्यात जाऊ नये.

काठावरचा माणूस

विहिरीवर कासरा धरून उभे राहणाऱ्याचे महत्त्व पोहणाऱ्याइतकेच होते. आज ती जागा घरच्यांची आहे. ‘या वयात हे कशाला’ असे म्हणून भीती वाढवणे सोपे, आणि ‘काही होत नाही, उडी मार’ म्हणून ती झटकणे त्याहून सोपे. दोन्ही टाळून तीन कामे करावीत.

पहिले काम जागा निवडण्याचे. शेततळ्यात कोणालाही पोहू देऊ नये; त्याच्या उतारावरील प्लॅस्टिक निसरडे असते आणि चांगला पोहणाराही त्यावरून वर येऊ शकत नाही. धरणाच्या दरवाजांजवळ, सांडव्याखाली, वाहत्या कालव्यात, वाळू उपशाच्या खड्ड्यांत आणि पुराच्या पाण्यात उतरू नये. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवरील बंधारा आणि त्यातील पाणीमहाल पाहताना डोळे निवतात. पण तो देखावा डोळ्यांनीच घ्यावा.

दुसरे काम लक्ष ठेवण्याचे. पोहणारा किती वाजता उतरला, कोणत्या बाजूने गेला, किती वाजता परतणार, हे ठाऊक असावे. मोबाइलमध्ये पाहत बसलेला माणूस काठावर असून नसल्यासारखा. बुडणारा माणूस पुष्कळदा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी खालीवर होत असते, इतकेच दिसते.

तिसरे काम अडचणीत मदत करण्याचे. पोहता येत असले तरी थेट उडी घेऊ नये. आधी काठी, दोर, धोतर, साडी किंवा रिकामे झाकणबंद कॅन फेकून आधार द्यावा आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढणे किंवा त्याला उलटे धरणे यात मोलाचा वेळ जातो आणि इजाही होते. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे हाच उपचार. हे प्रशिक्षण काही तासांत मिळते. घरातील एकाने तरी ते घ्यावे. पोहणारे घरात कोणी नसले तरी ते उपयोगी पडते.

स्पर्धा नसली तरी

हे वाचणाऱ्यांपैकी फार थोडे गोव्याच्या समुद्रात उतरतील, आणि तसे व्हावे असा आग्रहही नाही. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, गुडघ्यांवर ताण येत नाही, पडण्याची भीती कमी असते. छातीइतक्या पाण्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा चालणे आणि बुडबुडे सोडणे हासुद्धा ज्येष्ठांसाठी उत्तम व्यायाम आहे. भीतीशी जुळवून घेण्याची रीत तेथेही तीच: श्वास सोडायला शिकणे, उताणे तरंगायला शिकणे, सोबती घेणे, काठावर आपले माणूस ठेवणे आणि उद्या आजच्यापेक्षा हातभरच पुढे जाणे.

जवळच्या शहरातील तरणतलावावर ज्येष्ठांसाठी किंवा स्त्रियांसाठी वेगळी वेळ आहे का, याची या आठवड्यात चौकशी करावी. नसेल तर चार-पाच जणांनी मिळून ती मागावी. त्याआधी डॉक्टरांची वेळ घ्यावी, आणि त्या भेटीला घरातील एकाला सोबत न्यावे. पुढे पाण्यापाशी उभे राहायचे असते ते त्यालाच.